लाल दोऱ्याची फाईल

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जायचो. माझं काम कॉम्प्युटरवर... तिथे मशीनला घालायचं भोकं पाडलेलं कार्ड चुकलं की उत्तर चुकतं, बाकी काही नाही. तरीही हे लिहितोय, कारण यात माझी एक कबुली आहे.

देवळाली प्रवरापासून सायकलने अर्ध्या तासावर आमचा साखर कारखाना. सत्तर साली तिथे एक वापरलेला कॉम्प्युटर आला. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे त्यावर ठरायचं. सोबतच्या पत्रात होतं, ‘लायब्ररी सांभाळायला माणूस द्यावा.’ लायब्ररी म्हणजे मशीनला लागणाऱ्या तयार प्रोग्रॅमचा संच. ऑफिसने थेट कामगार वाचनालयातल्या अण्णांची बदली केली!

अण्णा पुणतांब्याचे. पहिल्या दिवशी मशीनभोवती फिरून म्हणाले, “दिनू, पुस्तकं कुठं हायती?”

पण माणूस पक्का. प्रत्येक लायब्ररीची त्यांनी एक फाईल केली. मशीन सध्या जी वापरतंय तिच्या फाईलला लाल दोरा बांधायचा, ही त्यांची पद्धत.

“वाचतो त्या पानाला खूण नको व्हय?” म्हणायचे. रोज आल्या आल्या विचारायचे, “आज चालू कोण हाय रं?”

“तुम्हीच, अण्णा!” मी म्हणायचो. साऱ्या खोलीत हशा.

पुढे मी स्वतःची एक लायब्ररी बनवली. चाचणीसाठी तिचं नाव प्रत्येक कामाच्या कार्डांत, लायब्रऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर घातलं, म्हणजे मशीन लागणारा प्रोग्रॅम आधी तिच्यातच शोधणार. अण्णांना सांगितलं नाही. चाचणी झाली, नाव काढायचं राहिलं. माझ्या हिशेबात उसाचं वय चुकत होतं... कोवळा ऊस तुटला. शेतकरी गेटवर येऊन बसले.

चौकशीत अण्णांच्या रजिस्टरात माझ्या लायब्ररीचं नाव नव्हतं. साहेब म्हणाले, “मशीनमध्ये काय चालू आहे हेच तुम्हाला माहीत नाही?” अण्णांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझी बढती तोंडावर होती. मी गप्प बसलो.

अण्णा राजीनामा देऊन गावी गेले. मी गुपचूप रोजच्या कामांच्या यादीतून ते नाव काढलं, त्या लायब्ररीचे कागद एका फाईलमध्ये घालून कपाटाच्या तळाशी दडपले. किल्ली तेव्हापासून माझ्याकडेच.

वर्ष गेलं. पुण्याहून नवे इंजिनियर आले. म्हणाले, “मशीन आज कुठल्या लायब्रऱ्या वापरतंय ते लिहून द्या. उद्या लागवडीचं काम चालवायचंय.” मी दोन नावं लिहिली आणि फाईली काढायला भर दुपारी कपाट उघडलं.

तीन फाईलींना लाल दोरा होता. तिसरी... माझी. तळाशी दडपलेली. आणि गाठ अण्णांची, दोन वेढ्यांची. ती फाईल अण्णांनी कधी पाहिलीसुद्धा नव्हती!

 मी लागवडीच्या कामाची कार्डं काढून एकेक तपासली. तिथे माझ्या लायब्ररीचं नाव अजून सगळ्यात वर होतं. ते काम वर्षातून एकदाच चालतं, म्हणून माझ्या लक्षातून सुटलं होतं. उद्या पुन्हा तोच घोळ झाला असता. दोरा खरं सांगत होता... मशीन तिसरी लायब्ररी वापरतच होतं.

इंजिनियरसाहेबांना मी सगळं सांगितलं, मागचंही. मग तो दोरा खिशात घालून पुणतांब्याची एस.टी. धरली.

अण्णा ओसरीवर वाचत बसले होते. उजवा हात मांडीवर लुळा पडलेला. त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, “दिवाळीपास्नं असंच हाय. सदऱ्याचं बटनबी मीच लावते.”

मी दोरा पुढे केला आणि सांगून टाकलं. सांगताना रडलो.

“तूच चालू हुतास, ते मला तवाच कळलं हुतं,” ते म्हणाले. “वाटलं, आज न्हाई उद्या सांगल.”

“पण हा दोरा, अण्णा?”

त्यांनी लुळ्या हाताकडे पाहिलं. “मी कशानं बांधू, लेका? पर खूण बरोबर हुती ना?”

“बरोबर होती.”

“मग झालं तर. आता हिकडं बांध. एका हातानं पान राहत न्हाई.”

त्यांच्या पुस्तकाला मी तो दोरा बांधला. काकू म्हणाल्या, “ह्याची गाठ ढिली हाय बगा.”

“शिकल,” अण्णा म्हणाले.

कपाटातली गाठ कुणी मारली, मला आजही माहीत नाही. मी दर रविवारी पुणतांब्याला जातो, अण्णांचं वाचलेलं पान उलटतो आणि दोरा पुढच्या पानावर घालतो.