शाळाबाह्य

आमचे वडील, म्हणजे भाऊ, कुणालाही सहजासहजी 'बरोबर' म्हणत नसत. तुम्ही काहीही सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला असे : "कशावरून?" पाऊस येणार म्हटलं तर कशावरून. सात आठे छप्पन्न म्हटलं तर कशावरून. एकदा आईने ताट पुढे ठेवताना आमटीत मीठ कमी पडलंय असं स्वतःच सांगितलं, तर हे घास न घेताच म्हणाले, "कशावरून?" आई म्हणाली, "खाऊन बघा, मंग कळंल कशावरून ते." भाऊंनी घास घेतला, जरा विचार केला आणि मान डोलावली. त्यांची मान डोलली म्हणजे आमच्या घरात निकाल लागला असं समजायचं.

भाऊ आमचे वडील होते आणि आमची शाळाही तेच होते. आम्ही तिघे भाऊ. मोठा माधवदादा, मधला मी आणि धाकटा विजू. धारूरमध्ये आमचं तीन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. त्यातल्या पुढच्या खोलीत भिंतीला काळा रंग फासून भाऊंनी फळा केला होता. त्या खोलीत मी सात वर्षं शिकलो.

त्याआधी भाऊ एका विनाअनुदानित शाळेत मास्तर होते. आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर त्यांनी तिथे बिनपगारी बरीच वर्षं काढली होती. घर चालायचं ते आईच्या शिलाई मशीनवर आणि डोंगराच्या कडेला असलेल्या सीताफळांच्या तुकड्यावर. एका मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला त्यांना सांगण्यात आलं की, वर्गात जा आणि गणिताची उत्तरं फळ्यावर लिहून द्या. भाऊंनी खडू टेबलावर ठेवला आणि ते घरी आले. अंगणात उभे राहून आईला एवढंच म्हणाले, "पुन्हा जाणार न्हाई." जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा त्यांनी दादाचं आणि माझंही दप्तर खुंटीवरून काढू दिलं नाही. दादा तेव्हा पाचवीत जाणार होता, मी तिसरीत. विजू अजून बोबडं बोलत होता.

आई तेव्हा जे बोलली ते मला अजून आठवतं. ती म्हणाली, "तुमचं भांडण शाळेशी हाय. पोरांचं कुणाशी हाय?" भाऊंनी तिला कशावरून असं विचारलं नाही. ते फळ्याला दुसरा हात द्यायला लागले.

भाऊंचा अभ्यासक्रम त्यांनी स्वतः तयार केलेला होता. सकाळी प्रत्येकाने एक पत्र लिहायचं. कुणाला लिहायचं ते आपण ठरवायचं, पण पत्रात एक तरी गोष्ट अशी हवी की जी काल आपल्याला माहीत नव्हती. गणित मोजमापातून. आईच्या मशीनजवळच्या टेपने आम्ही घर, अंगण, पाण्याची टाकी, शेजारच्यांची म्हैससुद्धा मोजली होती. भूगोल गावच्या किल्ल्यावर. तटाच्या वरच्या अंगाला उभे राहून भाऊ सांगत, "या अंगाला पडलेलं पाणी सरळ गोदावरीला जातं. त्या अंगाचं मांजरेला जातं. मांजरा लई लांबून फिरून येते, पण शेवटी गोदावरीलाच मिळते." मग आमच्याकडे वळून विचारत, "कशावरून?" आणि आम्ही नकाशा पसरून बोटाने नद्या काढत बसायचो. ते दिवस सुखाचे होते हे मला नाकारता येणार नाही.

विज्ञान मात्र सलीमचाचांच्या गॅरेजमध्ये. बाजाराच्या टोकाला त्यांचं ट्रॅक्टर आणि मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. भाऊ आम्हाला तिथे सोडून जात आणि चाचांना बजावत, "पाना द्यायच्या आधी इचारा, कावून ढिलं करायचं ते." चाचा हसत. "मास्तर, इथं इचारत बसलो तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल." पण दादाला ते मनापासून शिकवत. दादा इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष सांगायचा आणि भाऊंनी कशावरून विचारलं की त्याला ते सांगताही यायचं. आमच्यात सगळ्यात हुशार तोच होता. हे भाऊंना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

इंग्रजीचं मात्र अवघड झालं. भाऊ म्हणत, "आधी घरातली भाषा नीट येऊ द्या, मग पाहुणीला बोलावू." म्हणून आमची इंग्रजी फार उशिरा सुरू झाली. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला मोठेपणी उमगलं. भाऊंनाच इंग्रजी येत नव्हती. ते पहाटे उठून, डिक्शनरी मांडीवर घेऊन स्वतः धडा शिकत आणि तोच धडा सकाळी आम्हाला शिकवत. बुधवारला ते 'वेडनेसडे' म्हणायचे आणि आम्हीही तसंच पाठ केलं. चुकतंय हे सांगणारं घरात कुणीच नव्हतं.

बाहेरच्या जगाला आम्ही कोड्यासारखे होतो. साडेदहाला पोरं आमच्या दारावरून शाळेत जायची. दादा तेवढ्या वेळापुरता अंगणाच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहायचा आणि पोरं गेली की आत येऊन बसायचा. मैदानात क्रिकेट खेळायला गेलो की पहिला प्रश्न व्हायचा, "कोणत्या शाळेचे बे तुमी?" दादा म्हणायचा, "भाऊंच्या." पोरं हसायची आणि आम्हाला सीमारेषेवर उभं करायची. एकदा सर्वेक्षणाला आलेल्या एका गुरुजींनी आमची नावं शाळाबाह्य मुलांच्या यादीत लिहिली. भाऊ संतापले. "माझी पोरं शाळाबाह्य न्हाईत, गुरुजी. तुमची शाळा माझ्या पोरांच्या बाहेर हाय." गुरुजी चहा पिऊन, नावं तशीच ठेवून निघून गेले.

मग दहावी आली. भाऊंनी दादाचा आणि माझा, बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म एकत्रच भरला. दोघांचा अभ्यास बरोबरीने झाला होता आणि त्यांना ते जगाला दाखवायचं होतं. केंद्र एका खेड्यात मिळालं. आडनाव एक, म्हणून बैठक मागेपुढे. दादा पुढच्या बाकावर आणि मी त्याच्या मागे. मराठी, गणित, विज्ञान हे पेपर आम्ही लिहिले तसे लिहिले. आसपास काय चाललंय तिकडे बघायचं नाही असं भाऊंनी सांगितलं होतं, आम्ही बघितलं नाही.

इंग्रजीच्या पेपरला मी प्रश्नपत्रिका उघडली. उतारा वाचला, पण त्यातले निम्मे शब्द आम्ही कधी पाहिलेच नव्हते. अर्ध्या तासाने खिडकीतून गाइडची पानं आत आली. पर्यवेक्षक दाराकडे तोंड करून उभे राहिले. पानं बाकाबाकावरून पुढे सरकत माझ्यापर्यंत आली. मी ती घेतली आणि लिहायला लागलो. लिहून झाल्यावर मी ती पानं दादाच्या पाठीला टोचली. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पानांकडे. पुन्हा पुढे वळला, पेनाला टोपण लावलं आणि घंटा होईपर्यंत तसाच बसून राहिला.

निकाल लागला. मी पहिल्या वर्गात पास झालो, इंग्रजीत एकोणऐंशी. दादा बाकी सगळ्या विषयांत माझ्यापुढे होता आणि इंग्रजीत उडाला होता.

त्या दिवशी संध्याकाळी भाऊ बाजारातून पेढे घेऊन आले. सलीमचाचांना, शेजाऱ्यांना, पूर्वीच्या शाळेतल्या शिपायालासुद्धा देऊन आले होते. "घरी शिकलेलं पोरगं. कॉपी न करता." हे ते प्रत्येकाला सांगत होते. मी पेढा हातातच धरून बसलो. दादा फळ्याला टेकून बसला होता. भाऊ त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दोघांनाबी मीच शिकवलं. एकच फळा, एकच मास्तर. एकाला आलं, एकाला आलं न्हाई. मग खोट कुणात हाय, तूच सांग."

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. तो बोलला नाही. मीही बोललो नाही. आईने मशीन थांबवली, आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पुन्हा चालवायला घेतली.

तिसऱ्या दिवशी दादा गेला. सलीमचाचांच्या ओळखीने त्याला साखर कारखान्याकडे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर काम मिळालं. सोळा-सतरा वर्षांचा होता. पुन्हा परीक्षेला बसला नाही. भाऊ म्हणाले, "येईल महिन्याभरात." तो पुढे सणावारी यायचा, आईच्या पाया पडायचा, भाऊंशी हवापाण्याचं बोलायचा आणि जायचा.

पुढच्या जूनमध्ये आईने विजूचा हात धरला आणि त्याला शाळेत नेऊन घातलं. तिने भाऊंना विचारलं नाही आणि भाऊंनी अडवलं नाही. शाळा पुढच्या खोलीतून गेली तशी भाऊंची सकाळही गेली. एवढा वेळ कसा घालवायचा ते त्यांना कळेना. कधी ते नुसतेच फळा पुसत राहायचे. विजूने बारावीपर्यंत कसंबसं रेटलं. आता तो पुण्याकडे एका कंपनीत पॅकिंगला आहे. त्या एकोणऐंशी मार्कांच्या जोरावर मी पुढे शिकलो, डी.एड. केलं आणि आज तलवाड्याच्या बाजूला एका खासगी शाळेत मास्तर आहे. मुलांना मी कशावरून असं विचारत नाही. अभ्यासक्रम वेळेत पुरा करतो.

गेल्या वर्षी भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. अंबाजोगाईला दवाखान्यात दुपारच्या वेळी मी एकटाच त्यांच्याजवळ बसलो होतो. नर्स औषधं देऊन गेली होती. इतकी वर्षं जे तोंडात आलं नव्हतं ते तेव्हा आलं. मी म्हणालो, "भाऊ, इंग्रजीच्या पेपरात मी कॉपी केलती."

ते छताकडे बघत होते. सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "म्हाईत हाय."

"कशावरून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"एकोणऐंशी... पडले तुला. मी तुला पस्तीसपुरतंबी शिकवलं न्हवतं. मलाच येत न्हवतं."

मग मी विचारलं, "पेढे वाटले तवाच म्हाईत होतं?" त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. "मग दादाला तसं कावून बोललाव, भाऊ?"

डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. मी पुसलं. मग ते म्हणाले, "दोघंबी नापास झालते. खरं तर दोघंबी. ते मान्य केलं असतं तर माझी शाळा... खोटी ठरली असती रे." जरा थांबून म्हणाले, "त्याला सांग. मी सांगितलं म्हणून सांग."

मी म्हणालो, "तुमीच सांगा. मी फोन लावतो." आणि लावला. दादाने लगेच उचलला. त्याच्यामागे इंजिनाचा आवाज येत होता. मी फोन भाऊंच्या कानाला धरला. ओठ हलले, पुन्हा हलले. शेवटी एवढंच आलं, "माधव... जेवलास का?" पलीकडून दादा म्हणाला, "जेवलो, भाऊ. तुमी बरे व्हा." भाऊंनी मान वळवली. मी फोन बंद केला.

आठवड्याभरात भाऊ गेले.

दादा तेव्हा दूरच्या कारखान्यावर होता, त्यामुळे अंत्यविधीला पोहोचू शकला नाही. दहाव्याला आला. पिंडदान झालं, कावळा शिवला, लोक पांगले. आम्ही दोघे ओल्या पंच्यांनी दगडावर बसलो होतो. दादाचे केस पांढरे झाले होते. तो म्हणाला, "माझी दोन्ही पोरं शाळेत हायेत. मी न्हाई घरी ठेवली." मी मान डोलावली. जरा वेळाने तो म्हणाला, "पण मला भाऊंचा राग न्हाई, बे. त्या दिवशी ते बोलले ते मला लई लागलं. पण त्यांना कुठं म्हाईत होतं? म्हाईत असतं तर ते मला तसं बोललेच नसते. फसवलं ते तू. ह्याच एका गोष्टीवर मी भाऊंला माफ करू शकलो."

भाऊंचा निरोप माझ्या जिभेवर होता. त्यांनी मला दिलेलं ते शेवटचं काम होतं. मी दादाकडे बघितलं. वीस वर्षं त्याने एवढ्या एका समजुतीवर बाप जपून ठेवला होता.

मी म्हणालो, "हो दादा. त्यांना काहीच म्हाईत न्हवतं. मीच फसवलं."

तो उठला, पंचा पिळला आणि मागे न बघता गाडीकडे गेला. त्यानंतर तो आईला फोन करतो. माझा उचलत नाही.