पान एकशेबारावरचं निळं दार

माझ्या काकाला सगळे ‘एकशेबारा’ म्हणत. बाबांचा धाकटा भाऊ, जंगलखात्यात पहारेकरी. मनोऱ्यावर बसून कुठं धूर दिसतोय का ते बघायचं, एवढंच काम. पण आमच्या डोंगरावर बेतलेली एक कादंबरी गाजली आणि पुस्तक हातात घेऊन माणसं येऊ लागली. काकानं जन्मात वाचलेलं ते एकमेव पुस्तक, तेही चौदा वेळा. कोणी वाट विचारली की हा आधी पान सांगायचा.

एकशेबाराव्या पानावर नायिकेचं निळ्या दाराचं घर आहे. डोंगरावर तसं घर नव्हतंच. काकानं वरच्या अंगाची खात्याची रिकामी खोली हेरली आणि तिचं दार निळं रंगवलं. ‘नायिकेचं घर’ ही पाटी मी लिहिली, माझं अक्षर चांगलं म्हणून. लोक दाराशी फोटो काढत, कोणी डोळे पुसत. खोटं कशाला सांगतोस म्हटलं, तर म्हणायचा, “अगं, त्या बाईनं तरी कुठं खरं लिहिलंय?” मी हसले होते. ते आता लपवून काय उपयोग?

आई पूर्वेच्या उतारावर मधमाश्या पाळायची. बाबा गेल्यावर चाळीस पेट्या आणि मध गाळायची पत्र्याची शेड, यावरच आमचं घर चाललं. बिनलग्नाच्या काकाचा दोन्ही वेळचा डबाही तिथूनच जायचा.

यंदाचा वणवा भर दुपारी आला. मी कामावर होते, आई बाटल्या आणायला बाजारात गेलेली. डोंगरावर पोचलेला पाण्याचा टँकर एकच, आणि रस्ता वर आणि पूर्वेला फुटतो तिथं वाट दाखवायला काका उभा. आग विझली तेव्हा निळं दार शाबूत होतं. पूर्वेचा उतार काळाठिक्कर. वितळलेल्या मेणाचा वास आठवडाभर हटला नाही. काका आमच्याकडे फिरकेनासा झाला. निरोप धाडायचा, तब्येत बरी नाही. आई डबा पाठवत राहिली.

पंधरा दिवसांनी लेखिकाबाई स्वतः आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात काठी. डोंगराचं काय उरलं ते त्यांना बघायचं होतं. काका पुढं होऊन त्यांना निळ्या दाराशी घेऊन गेला. आई आणि मी मागोमाग.

बाईंनी पाटी वाचली. “ही खोली मी पहिल्यांदाच बघतेय,” त्या म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. “तुमची ती मधाची शेड कुठंय? तीन उन्हाळे मी तिथल्या बाकावर बसून लिहिलं. तुम्ही चहा द्यायचात, कोण कुठली काही विचारलं नाहीत. नायिकेचं घर तेच. दार तेवढं मी निळं केलं.”

काका आईकडे वळला.

“टँकरवाल्यानं विचारलं होतं,” तो म्हणाला. “पूर्वेला काय आहे म्हणून. मी म्हटलं, तिकडं काही नाही. वहिनी, मी म्हटलं, काही नाही.”

मला त्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त माझी. पाटीवरचं अक्षर खरंच सुरेख आलं होतं.

“माहीत आहे, भाऊजी,” आई म्हणाली. “तो ड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी येऊन सांगून गेला.”

“मग डबा कशाला पाठवत होतात?”

“वाटायचं, आज तरी रिकामा डबा घेऊन तुम्ही स्वतः याल.”

पाटी मी त्याच दिवशी उतरवली. पुस्तकवाले अजून येतात. काका त्यांना पूर्वेच्या उतारावर नेतो. “इथं माझ्या वहिनीच्या चाळीस पेट्या होत्या,” सांगतो. “टँकर मी दुसरीकडे वळवला.”

लोक पुस्तक उघडतात आणि विचारतात, हे कितव्या पानावर आहे?