सिस्टरांचा पालथा हात

मोटारीच्या चाकाला हात लावण्याआधी सिस्टर हाताची पालथी बाजू पुढे करीत. आजारी मुलाचा ताप पाहताना जाणत्या बायका बोटांची मागची बाजू कपाळाला लावतात, हे तुम्हीही पाहिले असेल. तसाच त्यांचा हात चाकाच्या तारांजवळ जाई आणि न टेकता क्षणभर थांबे. मग त्या म्हणत, "ताप उतरू दे. मग बोलू." हे वाक्य त्या गाडीबद्दल म्हणत, माणसांबद्दल म्हणत, आणि त्या दिवसांत सबंध मुंबईबद्दलही म्हणत. मी मात्र या वाक्याच्या आड अर्धे आयुष्य लपून राहिलो. त्यांच्या अपघाताचे कारण मला ठाऊक होते, कारण ते मीच होतो. त्यांना जाऊन आता वर्ष होत आले. जाण्यापूर्वी त्यांना सांगून झाले होते, म्हणूनच आज ते तुम्हाला सांगण्याचे धैर्य होत आहे.

सिस्टर परळच्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरच्या परिचारिका होत्या आणि खोताच्या वाडीत लाकडी जिन्याच्या घरात एकट्या राहत. त्यांचा थोरला भाऊ एका संस्थानिकाच्या मोटारी सांभाळीत असे. संस्थाने गेली तेव्हा राजेसाहेबांनी निरोपादाखल त्याला एक हिरवी, उघडी, दोनच माणसे बसतील अशी शर्यतीची मोटार देऊन टाकली. भावाने ती मुंबईत आणली, नटन्‌नट सुटा करून पुन्हा बांधली, आणि ती पळवून पाहण्याआधीच तो काविळीने गेला. वाडीला वाटले, सिस्टर आता गाडी विकतील. सिस्टरांनी गाडी चालवायला शिकून घेतले.

मी तेव्हा फणसवाडीत राहत होतो आणि एका गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढीत होतो. वाडीच्या तोंडाशी, एका पत्र्याच्या छपराखाली ती गाडी पाहून मी थबकलो आणि कोणी विचारले नसताना सिस्टरांना ओतीव लोखंडाविषयी बरेच काही सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"झालं बोलून?" त्या म्हणाल्या. "मग तो जॅक जरा इकडे सरकव."

त्या दिवसापासून माझे रविवार त्या छपराखाली जाऊ लागले. त्या मला 'ड्रॉइंगवाले' म्हणत. काही चुकले की एवढेच विचारीत, "काय ड्रॉइंगवाले, हे कागदावर बरोबर होतं का?"

जुहूच्या धावपट्टीवर त्या काळी अधूनमधून मोटारींच्या शर्यती होत. सिस्टरांना तिथे उतरायचे होते. ऑपेरा हाउसजवळच्या एका गॅरेजवाल्याने ते ऐकले आणि तो चारचौघांत हसला. "सिस्टर, ही राजाची मिरवायची गाडी. रस्त्यावर राणी, पट्टीवर चार फेऱ्यांत म्हातारी. तुमच्या भावाने रंग तेवढा झकास दिलाय."

त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. वेगवान मोटार रस्त्यावर थकत नाही, कारण रस्ता तिला मधूनमधून श्वास घेऊ देतो. धावपट्टीवर तो श्वास मिळत नाही. सरळ भागात सगळा जोर लावायचा, टोकाला सगळा जोर आवरायचा, आणि लगेच पुन्हा तेच. अशाने इंजिनाच्या आधी ब्रेक दमतात. प्रत्येक चाकाच्या आत ओतीव लोखंडाचा एक डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. ब्रेकचे पट्टे त्याला आतून घासले की चाक थांबते. काही फेऱ्यांतच तो इतका तापतो की पायाखालचा ब्रेक मऊ पडू लागतो. तेल पातळ होते, टायरची साले निघतात. म्हणून आम्ही इंजिनात शर्यतीसाठीचे एरंडेलाचे तेल घातले होते. गाडी सुरू झाली की त्याचा वास वाडीभर पसरे आणि पोरे नाके दाबून घरात पळत. सिस्टर म्हणत, "बघ, अजून चमचाही दाखवला नाही मी."

गॅरेजवाल्याला त्यांनी उलट उत्तर दिले नाही. मला मात्र परतीच्या वाटेवर म्हणाल्या, "जिंकायचं कुणाला आहे? सगळ्या फेऱ्या करायच्या आणि गाडी स्वतःच्या चाकांवर वाडीत आणायची. माझ्या भावाने नुसता रंग दिला नव्हता, एवढं कळलं की झालं."

शर्यतीच्या दिवशी सकाळी माझ्या आईने माझ्या हातात नारळ ठेवला. आई कोकणातली. गाडी पहिल्यांदा पळणार, तर नारळ फोडून पाणी चाकावर घाल, असे तिने बजावले होते. यंत्रांच्या गप्पा मारणाऱ्या मला तो नारळ सिस्टरांपुढे काढायची लाज वाटली. त्यांनीच तो पाहिला.

"फोड की. आमची मदर मेरी काही रागवायची नाही. पण आत्ताच फोड, गाडी थंड आहे तोवर."

तेवढ्यात समोरच्या इराण्याकडून कोणीतरी धावत आले. दादरला मोर्चा निघाला आहे, रस्ता बंद होणार, निघायचे तर आत्ता निघा. नारळ तसाच सीटखाली राहिला आणि आम्ही निघालो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. गोळीबार होऊन गेला होता. सिस्टरांच्या थिएटरातले त्या रात्री कोणी घरी गेले नव्हते. दादरला जमावाने आमची गाडी अडवली. उघडी, चकचकीत मोटार. ती कोणा श्रीमंताची असणार, असे त्यांना वाटणे साहजिक होते. काहींच्या हातांत दगड होते. एक तरुण बॉनेटवर चढून बसला.

"कुणाची गाडी?"

"माझी."

"एवढी गाडी तुमची? आणि बाई, संयुक्त महाराष्ट्राचं काय?"

"झालाच पाहिजे," सिस्टर म्हणाल्या. "पण तू आधी खाली उतर. बॉनेट तापलंय, भाजेल. मग मलाच मलम लावायला यावं लागेल."

कोणी हसले, पण दगड खाली गेले नाहीत. मागून एक वयस्क गिरणी कामगार पुढे आला. त्याने सिस्टरांकडे निरखून पाहिले आणि तो वळून म्हणाला, "सोडा रे हिला. आपल्या पोरांना टाके घालताना डॉक्टरच्या बाजूला हीच उभी होती." तरीही आमची सुटका लगेच झाली नाही. गाडीच्या दोन्ही दारांवर खडूने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' लिहून झाल्यावरच वाट मिळाली.

धावपट्टीवर पोचेपर्यंत सरावाची वेळ संपत आली होती. टाय लावलेल्या मंडळींनी आमच्या दारांवरचा मजकूर वाचला आणि नजरा वळवल्या. सिस्टरांनी सरावाच्या फेऱ्या एका दमात, न थांबता मारल्या. परत आल्या तेव्हा चाकांतून धुरकट, जळका वास येत होता. त्यांनी पालथा हात पुढच्या चाकाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला.

"पेशंट असता तर बर्फ मागवला असता. लोखंडाला चालत नाही. ठोकळे लाव चाकांना. हँडब्रेक ओढू नकोस, पाणी दाखवू नकोस. ताप उतरू दे."

मग त्यांना कोणीतरी हाक मारली. पलीकडच्या एका मेकॅनिकने उकळत्या रेडिएटरचे झाकण उघडून हात भाजून घेतला होता. त्या आपली पिशवी घेऊन तिकडे गेल्या.

मी एकटा उरलो आणि मला सीटखालचा नारळ आठवला. यापुढचे मी फार वेळा तपासून पाहिले आहे. मला माहीत नव्हते, असे म्हणायची सोय नाही. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडले तर ते तडकते, हे मीच पहिल्या दिवशी सिस्टरांना ऐटीत सांगितले होते. पण सकाळपासून मनात धरलेली भीती, जमावाच्या हातांतले दगड, आईचे शब्द, आणि शर्यत सुरू व्हायला आलेली. माणसाची विद्या अशा वेळी किती वरवरची ठरते. दगडावर नारळ फोडला आणि सगळे पाणी पुढच्या डाव्या चाकावर ओतले.

चर्र झाले. गोड वासाची वाफ वर आली. आणि त्या वाफेत, काचेवर नख मारावे तसा एक बारीक आवाज आला.

मी वाकून तारांमधून पाहिले. ड्रमवर केसासारखी एक रेघ होती. ती वाळलेल्या पाण्याची असेल, असे मी मनाशी म्हटले. करवंट्या वाळूच्या पोत्यांमागे लोटल्या.

सिस्टर आल्या आणि थबकल्या. "वास कसला रे?"

"एरंडेलाचा."

"एरंडेल कधीपासून गोड झालं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले होते, हे मी शपथेवर सांगेन. पण मी सांगितले असते तर त्या शर्यतीतून बाहेर पडल्या असत्या, आणि माझ्याकडे पाहून त्या विचारतील ते वाक्य मला ऐकवले नसते. पट्टीवरच्या माणसाने निशाण हलवून गाड्यांना बोलावले. सिस्टरांनी टोपीचा पट्टा बांधला आणि त्या गेल्या.

त्या शर्यतीतली एकही फेरी मी पाहिली नाही. मी ती ऐकली. गाड्या दूरच्या टोकाला जात तेव्हा मी श्वास धरी, आणि हिरव्या गाडीचा घोगरा आवाज वळणावरून परत आला की सोडी. फेरीमागून फेरी तो येत राहिला. नव्या परदेशी गाड्या एकेक करून बाजूला उभ्या राहू लागल्या. कोणाचे पाणी उकळले, कोणाचा क्लच गेला. राजाची मिरवायची गाडी धावत होती. मला वाटू लागले, रेघ पाण्याचीच होती.

शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना तो आवाज वळणावर गेला आणि परत आला नाही.

गाडी डावीकडे खेचली जाऊन वाळूच्या पोत्यांवर आदळली होती. सिस्टरांचे मनगट मोडले होते, भुवईवर खोल जखम होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. ती संध्याकाळी एका लॉरीमागे काथ्याच्या दोराने बांधून वाडीत आली. गॅरेजवाला रस्त्यावर उभा होता. तो हसला नाही. टोपी काढून उभा राहिला. ते अधिक वाईट होते.

मी रात्री रुग्णालयात गेलो. "सिस्टर, मला काही सांगायचं आहे," मी म्हणालो. त्यांनी डोळे न उघडता चांगला हात उचलला. "आता नको रे. ताप उतरू दे. मग बोल."

मी आभार मानावेत तसा उठलो.

पुढच्या रविवारी चाक मीच उघडले. ड्रमचे दोन तुकडे झाले होते. तुटलेली कड काही भागात काळवंडलेली होती आणि उरलेल्या भागात चकचकीत. काळवंडलेला तो जुना तडा, शर्यतीआधीचा. हे वाचायला शिकलेला त्या वाडीत मी एकटाच होतो. सिस्टर गळ्यात हात अडकवून शेजारी उभ्या होत्या.

"ड्रम आधी फुटला की नंतर?" त्यांनी विचारले.

"नंतर," मी म्हणालो. "पोत्यांवर आपटल्यावर."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे मीच उशिरा दाबला ब्रेक. मला वाटलं होतं, वेळेवर दाबला."

गाडी भंगारात गेली. मनगट जुळले. पण सिस्टरांनी मेट्रनकडे जाऊन थिएटरमधून बदली मागून घेतली. "कधी आवरायचं ते ज्याच्या हाताला कळत नाही, त्याने सर्जनच्या शेजारी उभं राहू नये," असे त्यांनी मला अगदी साधेपणाने सांगितले. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्या रुग्णालयाच्या कपड्यांच्या कोठीत चादरींच्या घड्या घालीत होत्या. मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्या रात्री वाडीत दिवे लागले, तेव्हा त्या गॅलरीतून मला म्हणाल्या, "आमच्या दारावर आधीच लिहून ठेवलं होतं, आठवतं?" मी हसलो. मी नेहमी हसत असे. गिरणीत मला बढत्या मिळत गेल्या. नव्या उमेदवारांना मी दरवर्षी तापलेल्या लोखंडाला तडा कसा जातो ते शिकवीत असे आणि उदाहरण म्हणून एका मोटारीचा ड्रम सांगत असे. पाणी कोणी ओतले, हे कधी सांगितले नाही.

मग काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाने स्कूटर घेतली. दुकानापासून चालवत आणली आणि चाळीच्या दाराशी उभी केली. बायकोने माझ्या हातात नारळ दिला. "फोडा ना. असे काय बघताय?" मला तो फोडता येईना. मी तो नारळ हातात घेऊन तसाच चालत खोताच्या वाडीत गेलो.

सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. भुवईवरचा व्रण सुरकुत्यांत मिसळून गेला होता.

"काय ड्रॉइंगवाले, नारळ कशाला? म्हाताऱ्या माणसाला भेटायला येताना शहाळं आणतात."

मी नारळ त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला. "सिस्टर, त्या रात्री तुम्ही म्हणाला होतात, नंतर बोल."

त्यांनी बराच वेळ नारळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. गोड वासाचा तो प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा उमटताना मला दिसला. त्या उठल्या, जवळ आल्या आणि त्यांनी हाताची पालथी बाजू माझ्या कपाळाला लावली. या वेळी तो हात टेकला. तो थंड होता आणि जराही कापत नव्हता.

"उतरलाय," त्या म्हणाल्या. "बोल आता."

"सिस्टर, तुम्ही ब्रेक वेळेवर दाबला होता. ड्रम आधीच तडकला होता. तुम्ही नाही म्हणाला होतात, तरी मी त्यावर नारळाचं पाणी ओतलं. मला ते माहीत होतं, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमच्या हाताची काही चूक नव्हती. मला क्षमा करा."