पाचोळ्यातली जात

वाळक्या पानांची बाजू घेऊन अख्ख्या सोसायटीशी वैर पत्करणारा माणूस मयूर विहारमध्ये एकच झाला, तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मी त्यांना आतोबा म्हणायचे, दिल्लीत वाढलेली माझी मुलगी विचारायची, "आई, आतोबा म्हणजे क्या?" जन्मभर सरकारी फायली लावून झाल्यावर, निवृत्त होताच आतोबांनी पाचोळ्यातले पतंग लावायला घेतले. हे पतंग नखाएवढे, मातकट. त्यांच्या अळ्या गळून पडलेली पानं खातात. त्यांच्यातली एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचं एक घराणं, जुन्या लोकांनी चुकीचं मांडून ठेवलंय अशी आतोबांची खात्री होती आणि ते सरळ केल्याशिवाय आपल्याला मरायची मुभा नाही, असंही ते म्हणत. माळ्यानं खराटा उचलला की ते लेंग्यावरच जिना उतरून धावत. "साहब, जला नहीं रहा, सिर्फ इकट्ठा कर रहा हूँ." "इकट्ठा भी मत करो भैया, यहाँ फॅमिली रहती है!" माळी दचके आणि झुडपामागे कोण राहतंय ते वाकून पाही.

मला बघायला पुण्याहून मंडळी आली त्या दिवशी, माझे वडील नसल्यामुळे, घरातलं मोठं माणूस म्हणून आतोबा मधोमध बसले होते. नेमका कुणा अभ्यासकाचा फोन आला. "छे, छे! मादीवरून काही सांगता येत नाही," आतोबा खणखणीत आवाजात म्हणाले. "नराचं पोट उघडून पाहिल्याशिवाय मी जात ठरवत नसतो!" मुलाच्या वडिलांच्या हातातला सामोसा बशीत पडला. आई घाईघाईनं म्हणाली, "त्यांचा छंद आहे हो तो," त्यामुळे पाहुणे सोफ्यावर आणखी दूर सरकले. मुलगा मात्र हसला. म्हणून तर मी त्याच्याशी लग्न केलं.

हा नियम आतोबांनी आयुष्यात एकदाच मोडला. एक फिकट, बिनरेघेचा पतंग त्यांना वर्षानुवर्षं सापडत होता, पण सगळ्या माद्याच. नर कधी मिळालाच नाही. एके दिवशी आत्या पतंगांच्या डब्यांवरची धूळ पुसता पुसता म्हणाली, "एवढ्या नावांत माझं एखादं नाही वाटतं?" आतोबा कानापर्यंत लाल झाले. नराची वाट न पाहता त्यांनी त्या मादीची नवी जात जाहीर करणारा लेख लिहिला आणि तिला आत्याचं नाव दिलं. लेख स्वीकारला गेला. आत्यानं वरकरणी "काय हा वेडेपणा" म्हणत सगळ्या भिशीला सांगितलं.

मग अशाच एका फिकट मादीनं डब्यात अंडी घातली. अळ्या झाल्या, कोष झाले, आणि गेल्या महिन्यात आतोबांनी मला फोन करून ताबडतोब बोलावलं. ते भुतानं झपाटल्यासारखे बसले होते. एकाच आईची पोरं, पण फिकट तेवढ्या माद्या. नर सगळे गडद रेघेचे, त्याच प्रजातीतल्या एका जुन्या, साऱ्यांना माहीत असलेल्या जातीचे.

"अगं, मी नवरा-बायकोची जात वेगळी लावून ठेवली होती!" ते म्हणाले. हसले, आणि मधेच थांबले. माझ्यासमोरच त्यांनी लेख मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. "हिला तू काही बोलू नकोस. मी सांगेन."

चौथ्या दिवशी सकाळी चहाला बसल्या बसल्या ते गेले. मला अजून ते खरं वाटत नाही. कप भरलेला होता, म्हणे.

तेराव्यानंतर आत्यानं विचारलं, "ते माझं नाव कधी छापून येतंय गं?" खोटं बोलायचा मोह झाला. पण ज्यांनी स्वतःची चूक तासाभरात कबूल केली त्यांच्या घरात बसून ते जमेना. मी सगळं सांगितलं. आत्यानं डबा उघडून त्या फिकट मादीकडे पाहिलं.

"म्हणजे ती पहिल्यापासून त्याचीच होती?"

"हो."

"मग तिला वेगळं नाव हवंय कशाला?" आत्या म्हणाली. हे ऐकायला ते हवे होते. तीन दिवस आत्याला कसं सांगावं या विवंचनेत ते घरभर फिरत होते.