निमगाव सावातल्या विमानाचं पॅनेल

"कोणता दिवा लागलाय?" मी विचारलं.

दत्ताभाऊ विमानात बसले होते. समोर पुठ्ठ्याचं पॅनेल, त्यावर शेजारी शेजारी दोन छोटे दिवे. मी पॅनेलच्या मागे उभी राहून बटण दाबलं होतं.

"हिरवा," ते म्हणाले. "चार्जिंग चालू. समदं ठीक."

लागला होता लाल. लाल म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर तापलंय, आधी पॉवर कमी करा.

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी दुसरं बटण दाबलं. या वेळी त्यांनी बराच वेळ घेतला. मान तिरकी केली, डोळे बारीक केले.

"लाल."

तो हिरवा होता.

माझं काम कंट्रोल पॅनेल डिझाइन करण्याचं. बॉयलर, पाण्याचे पंप, दुधाचे चिलिंग प्लँट यांच्याजवळ पत्र्याची मोठी पेटी असते. तिच्यावर काटे, दिवे, बटणं असतात. कुठला काटा कुठे बसवायचा, कुठला दिवा कशासाठी, हे आम्ही ठरवतो. आधी भोसरीच्या एका कंपनीत होते. लग्नानंतर मंचरला आले आणि स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. एक दिवस निमगाव सावाचे दत्ताभाऊ दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, पॅनेल पायजे. इमानाचं."

मी विचारलं, "कुठल्या कंपनीचं विमान?"

"घरचंच हाये."

खरंच घरचं होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. व्हीआरएस घेऊन गावी आले. परदेशातून ड्रॉइंग मागवली आणि पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये दोन सीटचं विमान उभं करायला घेतलं. ॲल्युमिनियमचे पाइप त्यांनी कापले, जोडले. पंखांवरचं कापड त्यांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, शिवलं. मी पाहिलं तेव्हा इंजिनसुद्धा बसलं होतं. फक्त पायलटच्या समोरची जागा मोकळी होती.

विमानाचं पॅनेल मी कधी केलं नव्हतं. म्हणून एका निवृत्त कॅप्टनना भेटले. ते फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकवायचे. विमानाचं पहिलं उड्डाण तेच करणार होते, आणि पुढे दत्ताभाऊंना शिकवणारही होते. त्यांनी मला समजावलं. सगळ्यात महत्त्वाचा काटा वेगाचा. वेग फार कमी झाला तर पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत, आणि फार वाढला तर सांगाड्यावर ताण येतो. म्हणून त्या डायलवर रंगीत पट्टे असतात. हिरव्यात काटा असेल तर निश्चिंत, पिवळ्यात जपून, आणि लाल रेषा कधीच ओलांडायची नाही. "काटा वाचायला वेळ नसतो," कॅप्टन म्हणाले. "नजर टाकली की रंग कळला पाहिजे."

मी आधी पुठ्ठ्याचं पॅनेल करते. पत्रा महाग, पुठ्ठा फुकट. पहिल्या पुठ्ठ्यात दिवे एकाखाली एक होते, वर लाल, खाली हिरवा. दत्ताभाऊंनी ते एकदाही चुकवले नाहीत. पण दिव्यांच्या वायरी होकायंत्राच्या फार जवळून जात होत्या. वायरीतून करंट गेला की होकायंत्राची सुई हलते. म्हणून दुसऱ्या पुठ्ठ्यात मी दिवे दुसरीकडे नेले आणि शेजारी शेजारी लावले. आता वरचा-खालचा राहिला नव्हता, आणि सगळं उघडं पडलं.

शालनवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. कपबशा हातात तशाच धरून उभ्या राहिल्या.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "टमाटं तोडाया यांना मी कंदी धाडत न्हाई. निम्मी हिरवीच आणत्यात."

"तू गप," दत्ताभाऊ म्हणाले. विमानातून उतरले आणि शेडबाहेर गेले.

थोड्या वेळानं मी बाहेर गेले. ते पाण्याच्या टाकीवर बसले होते.

"शाळंत राघूचं चित्र काढाया सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "मी रंगवलं, तर गुरुजींनी मारलं. म्हणले, तपकिरी राघू कुटं बघितला? मला तर तो राघूसारखाच दिसत व्हता. तवापास्नं मी रंगाचं नाव कुणाम्होरं घेत न्हाई."

"टूलरूममध्ये अडलं नाही?"

"तिथं रेघा असत्यात. आकडं असत्यात. रंगाचं काय काम?" मग म्हणाले, "ताई, तुमी दिवे पयल्यासारखे एकाखाली एक करा. डायलवर रंगाऐवजी खुणा करा. मी पाठ करतो. कुणाला सांगायची काय गरज?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, माझ्या पॅनेलपुरतं. तसं पॅनेल मला करता आलं असतं. लायसन्ससाठी लागणारं मेडिकल ते का पुढे ढकलत होते, तेही आता माझ्या लक्षात आलं. त्या मेडिकलमध्ये रंगांची परीक्षा असते.

"पॅनेल मी बदलेन, भाऊ," मी म्हटलं. "पण रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिव्याचा सिग्नल देतात. हिरवा म्हणजे उतरा. लाल म्हणजे उतरू नका, धावपट्टीवर दुसरं कोणीतरी आहे. तो दिवा मी कसा बदलू?"

 ते टाकीत हात घालून पाणी हलवत राहिले.  एवढी वर्षं एका गोष्टीसाठी घालवलेल्या माणसाला मी सांगत होते, की ती गोष्ट तुमच्यासाठी नाही.

शेवटी म्हणाले, "डोळ्याच्या डाक्टरला दाखवू. शालन येईल संगं. तुमी पण या."

नारायणगावच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. रंगीत ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. वहिनी मागे उभ्या होत्या, त्यांना सगळे दिसत होते. प्रत्येक पानाला त्यांचे ओठ हलायचे आणि मग त्या पदर तोंडाला लावायच्या. दत्ताभाऊंना पहिल्या पानाशिवाय काहीच दिसलं नाही. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, जन्मजातच आहे, अनेक पुरुषांना असतं, औषध नाही आणि त्यानं नजर बिघडणारही नाही.

"म्हंजे मी आंधळा न्हाई," दत्ताभाऊ म्हणाले.

"अजिबात नाही."

"मंग ठीक." 

त्यानंतर बरेच दिवस त्यांचा निरोप आला नाही. मी पुठ्ठा कपाटावर ठेवून दिला. निरगुडसरच्या एका पंपहाऊसचं काम चालू होतं, त्यात लागले. मनात मात्र ते शेड होतं. वहिनींना फोन करावा असं दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा रिसीव्हर खाली ठेवला.

मग एका सकाळी फोन वाजला. दत्ताभाऊच बोलत होते.

"ताई, काटे मधी सरकवा."

"म्हणजे?"

"आतापातुर समदं डाव्या सीटम्होरं हाये न्हवं? ते मधी घ्या. दोगांना दिसलं पायजे. डाव्या सीटवर कॅप्टनसायेब बसतील. मी उजवीकडं."

विमानात डावी सीट चालवणाऱ्याची असते; ती त्यांनी सोडून दिली होती. त्यांनी विचारलं, "जमंल का?"

"जमेल," मी म्हटलं.

जमवायला घाम निघाला. डायल तिरक्या नजरेनं पाहिला की काटा आहे तिथून थोडा सरकल्यासारखा दिसतो. घड्याळ बाजूनं पाहिलं की मिनिटभराचा फरक वाटतो ना, तसंच. मधले डायल दोघंही बाजूनंच पाहणार. म्हणून वेगाचे दोन डायल घेतले, दोघांसमोर एकेक. इंजिनाचे काटे मध्ये ठेवले. डायलवर हिरवा पट्टा आणि लाल रेषा होतीच, तिच्या टोकाला मी काळा त्रिकोण काढला. दिव्यांच्या खाली मराठीत लिहिलं, एकाखाली 'गरम', दुसऱ्याखाली 'चार्जिंग'.

कॅप्टनना त्रिकोण आवडला नाही. "हे कुठल्याच विमानात नसतं. रंग स्टँडर्ड आहेत."

"रंग काढलेलेच नाहीत, सर. त्रिकोण जास्तीचा आहे."

"कशाला?"

मी दत्ताभाऊंकडे पाहिलं. सांगायचं की नाही, ते त्यांच्यावर होतं. त्यांनी सांगितलं. राघूसकट सगळं सांगितलं. कॅप्टन ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्रिकोण थोडा मोठा करा. माझेही डोळे म्हातारे झालेत."

परवानग्यांना मात्र खूप वेळ गेला. तपासणीला विमान खात्याचे साहेब आले, कागद मागेपुढे गेले, एक बोल्ट बदलायला लावला. अखेर पंख सोडवून विमान ट्रकमध्ये चढवलं आणि एका धावपट्टीवर नेऊन पुन्हा जोडलं. पहिली काही उड्डाणं कॅप्टननी एकट्यानंच केली, तसा नियमच होता. दत्ताभाऊ खाली उभे राहून फक्त इंजिनाचा आवाज ऐकायचे. मग एके दिवशी कॅप्टननी उजव्या सीटकडे बोट दाखवलं.

वहिनींनी डोळे मिटून घेतले. विमान धावलं, उठलं, झाडांच्या वर गेलं, तेव्हा मी त्यांचा हात धरून म्हटलं, "वहिनी, बघा तरी."

"तुमीच बघा. खाली आलं की सांगा."

खाली आलं. दत्ताभाऊ उतरले. पंखाला आधार देणाऱ्या दांडीला धरून उभे राहिले. कॅप्टन म्हणाले, "वर गेल्यावर थोडा वेळ विमान चालवायची स्टिक त्यांच्या हातात दिली होती. वेगाचा काटा एका जागी खिळवून ठेवला. माझे विद्यार्थी महिनाभरात एवढं शिकत नाहीत."

"काय दिसलं वरून?" वहिनींनी विचारलं.

"लई वावरं," ते म्हणाले. आणि मग रडले.

त्यानंतर जमेल तेव्हा ते कॅप्टनबरोबर उडत राहिले, नेहमी उजव्या सीटवर. लायसन्ससाठी त्यांनी कधी अर्ज केला नाही.

माझ्या धंद्यात मात्र तेव्हापासून एक बदल झाला. पॅनेलची ऑर्डर आली की मालक मला मशिनरी दाखवायला नेतात. मी म्हणते, मशिनरी नंतर, आधी तिच्यासमोर आठ तास बसणारा माणूस बोलवा. तो आला की त्याला दोन दिवे दाखवते आणि रंग विचारते. बहुतेक जण हसतात आणि बरोबर सांगतात. एका चिलिंग प्लँटमधला ऑपरेटर हसला नाही. त्याच्या पॅनेलवर मी दिव्यांखाली शब्द लिहून दिले.

पॅनेल करण्याचा माझा नियम एवढाच आहे. माणूस आधी बघावा, पत्र्याला भोकं नंतर पाडावीत.