खांबावरचा सहा

पेंटरची रेघ म्हणजे रेघ! पाट्या रंगवणारे इतरही होते, पण यानं ब्रश टेकवला की फूटपट्टीनं लाजून मान खाली घालावी. कुणी कौतुक केलं की म्हणायचा, "आपलं काही नाही हो, हाताची सवय," आणि मग अर्धा तास उरलेलं कौतुक स्वतःच करायचा.

त्याचं मानाचं काम मात्र एकच. पुलाच्या खांबावर, नदी किती मीटर चढली ते सांगणारे आकडे रंगवायचे. त्याच्या वडिलांनी पाचपर्यंत रंगवले आणि तेवढ्यावर जन्म काढला. त्यांच्या वेळी पूर हा दहा-बारा वर्षांनी येणारा पाहुणा होता. आता त्याचा घरजावई झाला होता. पेंटरनं आकडे आधी आठवर नेले, मग दहावर. "ऋतूंचं डोकं फिरलंय," तो म्हणायचा, "आणि लोक मला विचारतात, रंग कुठला टिकेल!" यंदा बारा लिहून त्यानं वर पाहिलं, तर पुलाचा कठडा जेमतेम हातभर वर.

खालच्या गल्लीचा नियम साधा होता. पुलावरचा रखवालदार भोंग्यावरून आकडा सांगणार. सात झाले की घरं सोडायची. त्या गल्लीत तळमजल्यावर पेंटरची थोरली बहीण राहायची. तिचा नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. गेल्या वर्षी लोकांच्या घाईपायी त्याला दोनदा उगाच हलवलं, दोन्ही वेळा तो खुर्चीतून पडता पडता वाचला. तेव्हापासून ताईचं एकच, "सात ऐकल्याशिवाय यांना कुणी हात लावायचा नाही."

त्या दिवशी महिन्याभराचा पाऊस एका सकाळीत पडला. दुपारी भोंगा म्हणाला, "सहा." पेंटर छत्री घेऊन पुलावर गेला. नदी बघायला म्हणून निघाला, पण खरं तर पाण्यात आपले आकडे कसे दिसतात तेच त्याला बघायचं होतं. झकास दिसत होते. पण काठावरच्या पंपघराच्या खिडकीतून पाणी आत शिरत होतं, आणि गेल्या वर्षी ते तिथं शिरलं तेव्हा खांबावर सात होते.

पेंटरनं आपली आखणी मनातल्या मनात पुन्हा तपासली. गेल्या पुरातल्या ओंडक्यांनी जुने आकडे खरवडून नेले होते, म्हणून यंदा त्यानं टेप लावून सगळं नव्यानं आखलं होतं. टेप कुठून धरायची, तर खांबाच्या पायाच्या खालच्या पायरीपासून. वडिलांपासूनची रीत. पायऱ्या दोन, एकेक मीटर उंचीच्या. त्याला मात्र उन्हाळ्यात एकच दिसली होती. खालची गाळात गडप झाली होती, आणि यानं वरचीलाच खालची समजून टेप लावली होती! सगळे आकडे मीटरभर वर जाऊन बसले होते. लोकांच्या पायाखालची वाळू सरकते. याच्या नशिबी ती पायावर चढली होती.

"सात म्हण!" तो रखवालदाराच्या अंगावर धावला.

"सहा लिहिलंय, पेंटर. डोळे आहेत मला."

"लिहिणारा गाढव मीच ना! मीटरभर चुकलंय. सात म्हण, बोंबलून म्हण!"

"आणि तुझं नाव घेऊ?"

"घे. हवं तर पाटी रंगवून देतो!"

तो ताईकडे पोचला तेव्हा पाणी उंबरठा ओलांडत होतं आणि ती दारात पोतं लावत होती.

"आत्ता तर सहा म्हणाला, आणि लगेच सात कसे रे?"

"केव्हाच झाले होते, ताई. मीच चुकीचं लिहिलं."

ती हातातलं पोतं टाकून पलंगाकडे वळली. पलंगावरून भाऊजी अर्ध्या ओठांनी म्हणाले, "रेघ... सरळच असेल हो. फक्त... खोटी."

हसायला कुणाला उसंत नव्हती. पेंटर आणि तिघा शेजाऱ्यांनी भाऊजींना खुर्चीसकट उचललं आणि गुडघाभर पाण्यातून कोपऱ्यावरच्या शाळेत नेलं. जिन्याशी थांबून ताईनं विचारलं,

"पहिला मजला पुरेल ना? तू मोजणारा माणूस, आकडा सांग."

जन्मभर आकड्यांवर ऐट मारणाऱ्या पेंटरनं खुर्चीचा पाय घट्ट धरला.

"मला आकडा विचारू नकोस, ताई. जिना संपेपर्यंत चढ."