लाल पेनानं तपासलेला ब्राझील

"लिहिणारा तिथं गेल्ता का?"

कुठलंही पुस्तक हातात आलं की बाई आधी एवढंच विचारायच्या. पानात बोट घालून पुस्तक मिटायच्या आणि चष्म्यावरून अशा बघायच्या की तो लिहिणारा आपणच आहोत असं वाटावं. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतीलच. नसतील तर तुमचं नुकसान झालं, दुसरं काय!

सोनईच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी गणित. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना बाई म्हणायचे, त्या मला गणितबाई. राहायला शिंगणापूरला, भावाच्या घरी. गावातल्या जुन्या घरांसारखंच तेही घर, चौकट आहे पण दार नाही. अशा घरात वाढलेल्या या बाईचा छापील अक्षरावर मात्र फौजदारासारखा संशय. माणसांवर तेवढा नाही. स्टाफरूममधलं त्यांचं कपाट कायम सताड उघडं असायचं. मी माझ्या कपाटाला कुलूप लावून वर दोनदा ओढून बघणारी, त्यामुळं आमचं यावरून रोज वाजायचं.

एकदा मी दर्शनाला गेले होते आणि बाई मला चहाला घेऊन बसल्या होत्या. तिथं एक परदेशी जोडपं आलं. पाठीवर ही मोठ्ठाली ओझी, हातात भारताचं गाइडबुक. बाईंनी ते मागून घेतलं आणि शिंगणापूरचा परिच्छेद काढला. घरांना दारं नाहीत आणि माणसं हसतमुख आहेत, असं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं होतं.

"हसतमुख? माझ्या भावाला भेटलाय का हा?"

पर्समधून लाल पेन निघाला. त्या दोघांना रीतसर विचारून बाईंनी समासात फुली मारली, बसची वेळ दुरुस्त केली आणि खाली गुण दिले, पाचपैकी दोन. ती दोघं हसत होती खरी, पण पुस्तक त्यांनी जरा घाईनंच परत घेतलं. "आपल्या गावाबद्दल एवढं चुकलाय, तर बाकीच्या मुलखाबद्दल किती थापा मारल्या असतील!" बाई म्हणाल्या. एका गावावरून सगळ्या पुस्तकाला नापास करणं मला पटलं नाही, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार?

आमच्याकडं दहावीच्या भूगोलात ब्राझील आहे. त्यामुळं आमच्या मुलांना तिथल्या नद्या, जंगलं, कॉफीचे मळे सगळं तोंडपाठ. बाई तर असं शिकवायच्या की ब्राझील नेवासा तालुक्यातच आहे असं वाटायचं. ॲमेझॉनला एक काळ्या पाण्याची नदी येऊन मिळते. तिचं काळं पाणी आणि दुसरीचं तपकिरी पाणी कितीतरी अंतर शेजारी शेजारी वाहतं, मिसळत नाही. फळ्यावर दोन रंगांचे खडू एकदम ओढून त्या ते दाखवायच्या.

एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमी पाहिलंय का ओ ते?"

बाई खरं तेच बोलल्या. "न्हाई." मग स्टाफरूममध्ये येऊन डबा न उघडता बसून राहिल्या. म्हणाल्या, "गणितबाई, मीबी त्या न गेलेल्यांतलीच की."

त्याच वर्षी नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं गेलंय ते परत येणार नाही, समोरचं आहे ते थेंबांवर टिकवायचं, रोज, न चुकता. बाईंबरोबर मी गेले होते. घरी परतताना एसटीत मला म्हणाल्या, "निवृत्त झाले की ब्राझीलला जाते. दिसतंय तोवर बघून येते."

मला आधी चेष्टाच वाटली. पण त्या निवृत्त झाल्या आणि ब्राझीलचं गाइडबुक आलं, पाठीवरची बॅग आली, व्हिसाचे कागद आले. मला या सगळ्याच प्रकाराचा संशय होता. तिकीटवाल्याचा, त्या देशाचा, आणि खरं सांगायचं तर बाईंच्या डोक्याचाही. त्यांचा भाऊ माझ्या घरी आला, चहाला हात लावला नाही. "मॅडम, आमच्या आक्काला समजवा तुमी. लई डोक्यात घेतलंय तिनं. डोळं गेलं तर तिकडं कोन हाय तिचं?" मी समजवायला गेले आणि दोन तास ब्राझीलचा नकाशा बघून परत आले.

जायच्या आधीच बाईंनी ते गाइडबुक तपासायला घेतलं होतं. उपयोगी पोर्तुगीज वाक्यांच्या पानावर तिरकी रेघ, शेरा, 'घोकंपट्टी'. मुक्कामाच्या प्रकरणात लिहिलं होतं की सामानाच्या कप्प्यासाठी स्वतःचं कुलूप न्यावं. त्यापुढं शेरा, 'अतिभित्रा. अर्धा गुण वजा.'

"बाई, एवढं तरी ऐका त्याचं," म्हणत मी माझ्या कपाटाचं कुलूप काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची, हे मला दाखवावं लागलं! बाई निघून गेल्यावर बघते तर कुलूप माझ्या टेबलावरच. मला तेव्हाच पळत जाऊन ते बॅगेत कोंबता आलं असतं. मी नाही गेले. म्हटलं, जाऊ दे.

पहिले पंधरा दिवस रोज मोबाईलवर निरोप यायचा. पुस्तकात अमुक वस्ती टाळा म्हटलंय, तिथंच एका म्हातारीनं घरात नेऊन जेवू घातलं. काळा घेवडा आणि भात, आपल्या वरणभाताची भावकी. गुण कापले. म्युझियम सोमवारी बंद म्हटलंय, होतंच बंद. गुण दिला. सुटल्यासारख्या भटकत होत्या. मला हेवा वाटत होता, का नाही वाटणार?

मग एका सकाळी फोन आला. "गणितबाई, थेंब गेले."

नदीच्या मुखापाशी एक मोठं शहर आहे. तिथल्या मुक्कामी कप्पा उघडाच ठेवून त्या अंघोळीला गेल्या होत्या. परत येतात तर हातपिशवी नाही. तिच्यातच थेंब आणि डॉक्टरांची चिठ्ठी. पासपोर्ट, मोबाईल गळ्यातल्या बटव्यात होते म्हणून वाचले. चिठ्ठीशिवाय दुकानदार औषध देईना. आणि दुपारीच त्यांची बोट सुटणार होती, आत नदीनं संगमापर्यंत पाच दिवसांचा प्रवास.

मी ओरडलेच. "बोट सोडा! आधी डॉक्टर गाठा! पुढची बोट कधी आहे?"

"पुस्तकात तीन दिवसांनी लिहिलीय."

"मग थांबा की!"

"त्या पुस्तकाचा काय भरवसा? नसलीच तर? मी इथवर कशासाठी आले, सांगा बरं!"

आणि त्या बोटीत चढल्या. पाच दिवस थेंबांशिवाय. नंतर मी इंटरनेटवर शोधलं. तीन दिवसांनी बोट होती. पुस्तक बरोबर होतं. हे मी बाईंना कधीच सांगितलं नाही, आणि ते कुलूप आजही मला डोळ्यांसमोर नको असतं.

बोटीतून उतरल्यावर त्यांचं डोकं दुखून फुटत होतं. भाषा येईना, फोन लागेना. शेवटी ते घोकंपट्टीचं पान उघडून त्यांनी धक्क्यावरच्या एका बाईपुढं धरलं आणि 'मला डॉक्टर हवा आहे' या ओळीवर बोट ठेवलं. तिनं हात धरून दवाखान्यात नेलं. हेही बाईंनीच मला सांगितलं, जरा ओशाळून.

विमानतळावरून घरी आल्या त्या भावाचा खांदा धरून. वर्षभरात उरलंसुरलंही गेलं. इथले डॉक्टर म्हणाले, ते जाणारच होतं, पाच दिवसांना दोष देऊ नका. मला नाही पटलं. अजून पटत नाही.

दर रविवारी मी शिंगणापूरला जायचे आणि त्यांना ते गाइडबुक वाचून दाखवायचे. इंग्रजी वाचायचं, बाईंचा शेरा वाचायचा, मग दोघींनी हसायचं. असं करत करत आम्ही नद्यांच्या संगमापाशी आलो आणि पान कोरं. पुढचं कोरं. त्याच्याही पुढचं. एक लाल ठिपका नाही.

मी घुटमळले. पण मला राहवतंय होय? विचारलंच, "बाई, संगम दिसला का तुम्हाला?"

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं.

"न्हाई. दवाखान्यातनं सुटल्यावर बाकीच्या प्रवाशांसंगं लहान होडीतून गेलो. सगळे फोटो काढत हुते. माझ्यापुढं नुसता पांढरा उजेड. रडायलाच लागले मी. तर त्या नावाड्यानं माझा हात धरला आणि पाण्यात घातला. कोमट. होडी जराशी पुढं सरकली, आणि गार! एकदम गार, गणितबाई. काळं पाणी कोमट आणि दुसरं गार. त्यानं होडी माघारी घेतली, पुन्हा पुढं नेली. चारदा नेली. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं."

आता रडायची पाळी माझी होती.

"पोरांना सांगावं का हे?" त्यांनी विचारलं. "पाहिलं न्हाई, असंबी सांगावं लागंल."

"सांगा," मी म्हणाले.

जूनमध्ये मी त्यांना दहावीच्या वर्गात घेऊन गेले. खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. टेबलाचा काठ धरून उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्याला म्हणाल्या, "मी ब्राझीलला गेल्ते. ज्यासाठी गेल्ते ते मला दिसलं न्हाई." मग चोरी, बोट, नावाडी, सगळं सांगितलं. कुठंही स्वतःची बाजू घेतली नाही. पाण्याचं सांगताना हात पुढं केला आणि बोटं पसरली.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. तिच्या शेजारची उठली. बघता बघता सगळा वर्ग उभा. आवाज कुणीच केला नाही, त्यामुळं बाईंना काही कळलं नाही. त्या हात तसाच धरून थांबल्या होत्या, चेहरा जरा घाबरा झालेला.

मी जवळ जाऊन कानात सांगितलं, "बाई, सगळी उभी राहिलीत."

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"बसवा त्यांना," म्हणाल्या. "तास संपला न्हाई अजून."